शीळ

मी गाव ओळखतो ते टाक्यांवरून.
कुणाच्या तळघरात किती तेल उरलंय,
कोण नोव्हेंबरातच भरून निर्धास्त झालंय,
कोण काट्याकडे बघायचंच टाळतंय.

ट्रकची नळी भिंतीतल्या तोंडाला जोडली
की आतून टाकी शीळ घालू लागते.
तेल शिरतं, हवा बाहेर पडते.
शीळ चालू आहे तोवर जागा आहे.
थांबली की भरली, हात आखडायचा.
बापाने शिकवलं ते एवढंच,
आणि हेही, की उणे वीसमध्येसुद्धा
एक कान टोपीबाहेर ठेवायचा.
माझ्या उजव्या कानाची पाळी
आता मला लागत नाही.

नदीकाठचं मोठं घर: माणसं फ्लोरिडात,
भट्टी मात्र चालू, पाइप फुटू नयेत म्हणून.
पाइपांना ऊब.
आणि पलीकडच्या ट्रेलरमागे
बर्फात अर्धा पुरलेला पिवळा कॅन.
पंपावरून पाच-पाच गॅलन डिझेल आणून
रात्रीपुरतं ओततो गिल्मन.
मी तो कॅन पाहिलेला नाही.
तुम्ही विचारलंत तरी नाही पाहिलेला.

ओदील सीर, वय एक्याऐंशी, चर्चमागचा रस्ता.
शंभर गॅलनच्या खाली आमची गाडी जात नाही.
ती बरोब्बर शंभर घेते,
चेक आधीच लिहून दाराच्या जाळीत खोचलेला.
तिची टाकी शीळ घालत असते आणि मी नळी बंद करतो,
दर वेळी,
कुणाचं तरी बोलणं अर्ध्यात तोडल्यासारखं.
थर्मोस्टॅट पंचावन्नावर,
म्हणजे कोट घालूनच जेवायचं.
वरच्या खोल्या बंद,
दारांखाली जुने टॉवेल.

एकोणीस डिसेंबरला तिनेच फोन केला ऑफिसात:
भरून टाका. पूर्ण.
कोलेट येतेय शार्लटहून,
तिन्ही लेकरं घेऊन, सात वर्षांनी.
त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं मी
तिच्या टाकीला आपणहून गप्प होताना.
काचेआड ती बोटांवर काही मोजत होती.
गॅलन की दिवस, देव जाणे.

बावीसला आकाश खाली उतरलं.
प्रेस्क आइलची धावपट्टी दिसेना.
कोलेट बॉस्टनच्या विमानतळावर दोन रात्री,
लेकरं सुटकेसींवर डोकी टेकून,
एकाच चार्जरला तीन कुटुंबं.
चोवीसला तिला जागा मिळाली,
पण शार्लटच्या विमानात.

सव्वीसला मी शेजारी तेल घालत होतो.
ओदील पायरीवर आली.
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बिनकोटाची.
निळ्या स्वेटरात एवढीशी.
"पेल्टियेच्या पोरा, तेल परत घेता का रे तुम्ही?"
नळी एकाच दिशेने चालते, बाई.
"वाटलंच मला."
गेली नाही. दार धरून उभी राहिली,
सगळी ऊब माझ्या अंगावर सांडत.
"मग आत तरी ये. अडुसष्टावर ठेवलंय.
उगाच तापतंय घर."

बूट काढले, टोपी काढली.
सहा जणांपुरती तूर्तियेर, अजून न कापलेली.
ताटल्या घेऊन ती मला वर घेऊन गेली.
"ऊब वरच जाते," म्हणाली,
"खाली बसून काय करायचं?"
तीन गाद्या, तीन उश्या,
एकीवर कापडी अस्वल, किमतीची चिठ्ठी न काढलेलं.
खिडकीवरचा बर्फ आतल्या बाजूने सुटून
चौकटीवर ठिबकत होता.
बिल किती झालं ते मला ठाऊक होतं,
मला ठाऊक आहे हे तिला ठाऊक होतं.
आम्ही मांसाबद्दल बोललो, लवंग जास्त पडली का वगैरे.
खाली भट्टी सुरू झाली,
आम्ही दोघंही ऐकत राहिलो,
ती बंद होईपर्यंत.

मग माझा उजवा कान ठणकू लागला.
मी हात नेला तसं तिने विचारलं,
"दुखतोय?"
थोडा.
"दुखू दे," म्हणाली,
आणि दुसरा तुकडा वाढला.